रंगभूमीचे सूरकार : लेखांक सहावा – चाल कुणाची?

शंभर वर्षांपूर्वीच्या संगीत नाटकाचे छापील पुस्तक हाती घेतले, की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपातली एक ओळ लक्ष वेधून घेते. राग, ताल आणि त्यापुढे ‘चाल’. चालीपुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. म्हणजे हे पद अमुक चिजेच्या वळणावर म्हणायचे, असा तो निरोप. या एका ओळीमुळे गोविंदराव टेंबे यांच्यावर गेली कित्येक वर्षे एक आक्षेप घेतला जातो. ‘मानापमान’च्या चाली त्यांनी ‘दिल्या’ खऱ्या, पण ‘केल्या’ कुठे? पूरबच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या उचलल्या आणि त्यावर मराठी शब्द बसवले. मग त्यांना संगीतकार कशाला म्हणायचे, नुसते जुळारी म्हणा. मला वाटते, या आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकीचा. टेंबे जुळारी होतेच. पण नाटकात संगीतकाराचे पहिले काम जुळणीचेच असते, आणि ते काम स्वतंत्र बुद्धीचे आहे हे मराठी रंगभूमीला प्रथम त्यांच्यामुळे उमगले.

आधीची रीत काय होती ते पाहू. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले तेव्हा चाली निवडणारा वेगळा माणूस नव्हता. नाटककारच कीर्तनातली साकी-दिंडी, कानडी पदे, लावणी, बायकांची गाणी असे जे कानात साठलेले होते त्यातून चाल काढी आणि त्याच ओघात पद लिही. लिहिणारा व चाल लावणारा एकच असल्यामुळे शब्द आणि सूर यांत भांडणच नव्हते. पदे दोनशेच्या घरात गेली तरी प्रेक्षकाला ती जड झाली नाहीत, कारण गाणे बोलण्याच्या जवळ राही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची अडचण वेगळी होती. ते ‘केसरी’त घडलेले, गद्य नाटकांत नाव कमावलेले लेखक. ‘कीचकवध’ लिहिणाऱ्या लेखणीला संगीत नाटक लिहायचे होते आणि सुरांचे भांडार मात्र स्वतःजवळ नव्हते. किर्लोस्कर मंडळीसाठी ‘मानापमान’ लिहिताना त्यांनी ती बाजू टेंब्यांवर सोपवली. 12 मार्च 1911 रोजी नाटक रंगभूमीवर आले तेव्हा टेंबे तिशीच्याही आतले होते.

हा तरुण मुळात हार्मोनियमवाला, आणि माझ्या मते त्याच्या कामगिरीची किल्ली इथेच आहे. टेंबे कोल्हापूरचे. भास्करबुवा बखल्यांना ते गुरुस्थानी मानत, अल्लादियाखाँच्या गायकीचा त्यांना ध्यास होता, पण त्यांचा हात बसला तो पेटीवर. साथीदाराचे सगळे लक्ष पुढच्याच्या गळ्याकडे लागलेले असते. गवई श्वास कुठे घेईल, कुठल्या स्वरावर टेकेल, कुठली जागा त्याच्या गळ्यातून हमखास निघते आणि कुठली तो टाळतो, हे साथीदाराला गवयाच्या आधी कळावे लागते. असा माणूस चाल निवडायला बसला, की स्वतःची विद्वत्ता दाखवण्यापेक्षा समोरचा गळा काय मागतो याचा विचार आधी करतो. भामिनीच्या भूमिकेत होते बालगंधर्व. त्या गळ्याला लडिवाळपणा साजतो, छोटी मुरकी साजते, शब्दाभोवती रेंगाळणे साजते. पूरब अंगाच्या गाण्यात हेच सारे असते. गौहरजान, मलकाजान यांच्या तबकड्या तेव्हा घरोघरी वाजू लागल्या होत्या, तेव्हा ही गाणी सर्वांच्याच कानी पडत होती. श्रीमंतीच्या तोऱ्यात असलेल्या आणि पुढे वनमाला होऊन वावरणाऱ्या नायिकेच्या तोंडी ती शोभतील, हे मात्र एकालाच सुचले.

बरे, शोभतील एवढे सुचून भागत नाही. ठुमरीत शब्द मोजके असतात. एकच ओळ गायिका वीस तऱ्हांनी आळवते, आणि ऐकणाऱ्याला घाई नसते. रंगमंचावर समोर दुसरे पात्र उत्तरासाठी ताटकळत उभे असते. शिवाय मराठीची अडचण निराळी. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेपटीला चिकटतात. मूळ चिजेची सम जिथे येते तिथे मराठी पदात ‘-ला’, ‘-ने’, ‘-चा’ आले, तर सगळा जोर प्रत्ययावर आपटतो आणि ज्या शब्दासाठी ओळ लिहिली तो झाकून जातो. जोडाक्षर लांब स्वरावर पडले की गळा अडखळतो. म्हणून चाल उचलायची तर तिचा मुखडा पारखावा लागतो, अंतरा आटोपता करावा लागतो, एखादी हरकत गाळावी लागते, लय किंचित ढळवावी लागते. खाडिलकरांची पदे क्लिष्ट आहेत, त्यांतला अन्वय लावताना दमछाक होते, ही तक्रार जुनीच आहे आणि ती खोटी नाही. पण त्या क्लिष्टपणाचे एक कारण इथे सापडते : चाल आधी ठरली होती आणि शब्दांना तिच्या मापात मान वाकवून शिरावे लागले. पदातले शब्द ओढाताण सोसताना दिसतात, याचा अर्थ सुराने आपली जागा सोडलेली नाही. ज्याला आपण नुसता जुळारी म्हणतो, त्याचे वजन नाटककाराच्या शब्दांवर पडलेले असे डोळ्यांना दिसते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. चाल कुणाचीही असो, लोकांनी ऐकले ते बालगंधर्वांना. ‘मानापमान’ गाजले ते गळ्यामुळे, तेव्हा श्रेयही गळ्याचेच. यात तथ्य आहे. दीनानाथ मंगेशकरांनी पुढे याच नाटकातली काही पदे निराळ्या चालींत गाऊन तीही लोकप्रिय केली. म्हणजे टेंब्यांची चाल हा काही शेवटचा शब्द नव्हता. पण या आक्षेपाला 8 जुलै 1921 चा प्रयोग उत्तर देतो. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रात्रीपुरत्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एकाचे गाणे रेशमी, दुसऱ्याचे धारदार, चढ्या पट्टीतले. प्रेक्षकांत तट पडलेले. तरीही रात्रभर नाटक एकसंध उभे राहिले ते कशाच्या आधारावर? दोघांचे गळे वेगळे, तालमीची घराणी वेगळी. दोघांमध्ये सामाईक होती ती संहिता आणि तिच्या चालींचा सांगाडा. टेंबे तोपर्यंत गंधर्व मंडळीतून केव्हाच बाहेर पडले होते. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते त्या कंपनीचे मालक झाले, पण ती भागीदारी फार टिकली नाही, आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. आपण कंपनीत नसतानाही आपल्या चालीवर दोन महान गळे झुंजतात, हे नुसत्या जुळाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

एक दोष मात्र टेंब्यांच्या पदरात घालावाच लागेल. ठुमरीचे दार त्यांनी उघडले, त्यातून आळवणीही आत आली. ‘वन्समोअर’च्या हट्टापायी पदे लांबत गेली, नाटक पहाटेपर्यंत रखडू लागले, संवाद दोन पदांमधली विश्रांती ठरू लागला. हे टेंब्यांना हवे होते असे त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून दिसत नाही. 1932 साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही स्वतः केली. बोलपटात रीळ मोजलेले असते. गाणे किती वाढवायचे हे गवयाच्या लहरीवर राहत नाही. त्या मापात त्यांनी ‘मायामच्छिंद्र’, ‘सैरंध्री’ असे लागोपाठ चित्रपट केले. चाल आटोपशीर बसवण्याचे जे कसब नाटकात गवयांनी पसरून टाकले होते, ते इथे पुन्हा कामी आले. 1939 साली आलेल्या ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकात हाच माणूस इतरांच्या गाण्याबद्दल ज्या बारकाईने बोलतो, ती साथीदाराचीच बारकाई आहे.

टेंबे बाहेर पडल्यावर गंधर्व मंडळीत त्यांच्या जागी जे आले ते त्यांचेच गुरुस्थान, भास्करबुवा बखले. 1916 च्या ‘स्वयंवर’साठी बुवांनी ठुमरीऐवजी सरळ ख्यालाच्या बंदिशीला हात घातला. त्याची हकीकत पुढच्या आठवड्यात.