जमीन आपली, जनावर कुणाचे?

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून पाळी संपवून सुटणारा कामगार पुष्कळदा शेतकरीही असतो. पाड्यावर थोडे भात, आणि मागे जंगल. भात पिकावर आले की रानडुकरे एका रात्रीत शेत तुडवून जातात. मग आमच्या युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारीबरोबर एक प्रश्न हमखास येतो : “दादा, शेतमालकाची हरकत नसेल तर डुक्कर मारायला काय हरकत?”

प्रश्न खुळा नव्हे. इंग्लंडात शिकारीचा हक्क जमिनीबरोबर चालतो. आणि आपल्या ह्या मुलखात तर एके काळी मालकाच्या शब्दावाचून पान हलत नसे. ती वेठ झुगारण्यासाठी 1945 साली गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. वेठ गेली, पण मालकाने ‘हो’ म्हटले की झाले, ही समजूत मागे राहिली.

आजचा कायदा वेगळा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रथम परवान्याने शिकारीस वाव होता. 1991 च्या दुरुस्तीने तोही संपला. मालकाच्या संमतीने इतकेच होते, की त्याच्या बांधावर पाय टाकणारा आगंतुक ठरत नाही. जनावर मारण्याचा अधिकार मालकापाशीच नाही. जे आपले नाही ते तो दुसऱ्यास कोठून देणार? शिवाय शिकार म्हणजे केवळ गोळी नव्हे. फास लावणे, सापळा मांडणे, आमिष घालणे, हाका करणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच.

मग शेतकऱ्याने पाहत बसावे काय? नाही. रानडुकरासारखे जनावर माणसास किंवा उभ्या पिकास धोकादायक झाले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. अर्ज वनक्षेत्रपालाच्या कचेरीत द्यावा, पोच घ्यावी. नुकसानीचा पंचनामा लगेच करवून भरपाईही मागावी. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याने मिळू शकतो. पण तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे.

हा कागदाचा खेळ नव्हे. जानेवारी 2025 च्या अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या मागे गेले. अंधारात डुक्कर समजून झाडलेली गोळी सोबत्यासच लागली, आणि तो गेला. भ्यालेल्या मंडळींनी पोलिसांस कळविण्याऐवजी प्रेत लपविले. चोरून गेलेल्या माणसास संकटात हाकही मारता येत नाही. परवानगीने गेलेल्यांची नावे, जागा, वेळ कुणाला तरी ठाऊक असते. कुणी जखमी झाला तर दवाखान्याकडे धावताना आधी तोंड लपवावे लागत नाही.

एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, हे आम्ही कामगार चळवळीत तीस वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून आमचे सांगणे एवढेच : साऱ्या पाड्याने मिळून अर्ज करावा, सह्या-अंगठे एकत्र द्यावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत कचेरीची पायरी सोडू नये. भात पुढल्या वर्षी पुन्हा पिकेल. माणूस पुन्हा उगवत नाही.