स्थावर संपदा नियामक निधी
स्थावर संपदा नियामक निधी : विक्रीसाठी उभारल्या जाणाऱ्या बांधकाम-प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या प्राधिकरणाचा खर्च भागविण्याकरिता ‘स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६’ अन्वये स्थापावयाचा निधी. शासकीय अनुदाने, शुल्के व त्यांवरील व्याज यांतून तो उभा राहतो (कलम ७५). महाराष्ट्रात २०१७ मध्ये स्थापन झालेले प्राधिकरण ‘महारेरा’ या नावाने ओळखले जाते.

शासकीय कामे घेणाऱ्या कंत्राटदारांची नोंदणी सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. विक्रीच्या प्रकल्पांत मात्र नोंदणीचे बंधन प्रवर्तकावर असते. नोंदणीवाचून विक्री केल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १०% पर्यंत दंड होतो. आदेश डावलून उल्लंघन चालू ठेवल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा आणखी १०% पर्यंत द्रव्यदंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. थकलेला दंड जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केला जातो.

दंडाची रक्कम मात्र या निधीत न येता राज्य शासनाने विनिर्दिष्ट केलेल्या खात्यात जमा होते (कलम ७६). त्यामुळे दंड आकारण्यात प्राधिकरणाचा आर्थिक हितसंबंध राहत नाही. परंतु नोंदणी चुकविणाऱ्यांवरील कारवाईचा भार नोंदणी करणाऱ्यांच्या शुल्कावर व शासकीय अनुदानावर पडतो. शिवाय ५०० चौ. मी. पर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. परिणामी बुरोंडीसारख्या (ता. दापोली, जि. रत्नागिरी) किनारी गावातील लहान इमारतीत घर घेणाऱ्यास नोंदणीचे संरक्षण मिळत नाही, बांधकाम-परवानगी व करारपत्र त्याने स्वतःच पारखून घ्यावे लागते.