पेप्टाइडांचा संग्रह – भाग ९ : एका वेळी किती पुढे सरकायचं?

या आठवड्यात पूल, म्हणजे अनेक पेप्टाइडांची एकत्र मिश्रणं, कशी बांधायची ते लिहिणार होतो. ते पुढच्या वेळी. पुण्याहून एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय आणि तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. ती लिहिते, "सर, करोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनाची १५-१५ अमिनो आम्लांची लायब्ररी मागवायची आहे. सगळे ११ चा ओव्हरलॅप घेतात. आम्ही ५ चाच घेतला तर पेप्टाइडं निम्म्याहून कमी लागतात. मग ११ कशासाठी?"

ओव्हरलॅप म्हणजे लागोपाठच्या दोन पेप्टाइडांत सामाईक असलेली अमिनो आम्लं. निधी मोजका असताना हा प्रश्न पडायलाच हवा. आणि उत्तरासाठी मला पुन्हा गायसनकडे जावं लागतं. मागे त्याच्या प्लास्टिकच्या दांड्यांविषयी लिहिलं, पण त्याच्या १९८४ च्या त्या निबंधातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट राहूनच गेली.

मारियो गायसन मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये होता, आणि मेलून व बार्टेलिंग हे त्याचे सहकारी नेदरलँड्समधल्या पशुवैद्यक संस्थेत. विषाणू होता लाळ्या-खुरकूतचा. आपल्याकडे गोठ्यात ज्याची साथ आली की बाजार बंद होतात, तोच. त्याच्या कवचातलं व्हीपी१ हे प्रथिन २१३ अमिनो आम्लांचं. गायसनने त्याचे सहा-सहाचे तुकडे केले, आणि दर वेळी फक्त एकच अमिनो आम्ल पुढे सरकला. पहिला तुकडा १ ते ६, दुसरा २ ते ७, तिसरा ३ ते ८. शेवटपर्यंत गेल्यावर झाले २०८ तुकडे. दांडीच्या टोकावरच पेप्टाइड बांधायचं, तिथेच अँटिबॉडी लावून बघायची, मग धुऊन तीच दांडी पुन्हा वापरायची. अख्ख्या विषाणूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी १४६ ते १५२ या पट्ट्यात चिकटल्या. मग त्याने त्या सातांपैकी प्रत्येक जागी वीसच्या वीस अमिनो आम्लं आळीपाळीने घालून पाहिली. १४८ आणि १५१ या दोन जागी ल्युसिन असल्याशिवाय अँटिबॉडी धरत नव्हत्या.

आता हेच गणित उलटं करून बघा. समजा गायसनने काटकसर केली असती, एकावर एक तुकडे न चढवता सहा-सहाचे सुटे तुकडे पाडले असते. २०८ ऐवजी ३६ पेप्टाइडांत काम भागलं असतं. पण तुकडे पडले असते १४५ ते १५० आणि १५१ ते १५६ असे. एक ल्युसिन पहिल्यात, दुसरं दुसऱ्यात! अँटिबॉडीला दोन्ही एकत्र हवीत, आणि ३६ पैकी एकाही तुकड्यात ती एकत्र नाहीत. प्लेट कोरी राहिली असती, आणि कोऱ्या प्लेटवरून कुणालाही वाटलं असतं की या प्रथिनात सरळ साखळीतला एपिटोपच, म्हणजे अँटिबॉडी ओळखते तो तुकडाच, नाही. कौलं एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून बसवली तर पाणी नेमकं सांध्यातूनच गळतं, तसं हे.

म्हणून ओव्हरलॅपचा नियम असा: ओव्हरलॅप जितका, त्याहून एकने लांब असलेला तुकडासुद्धा कुठल्या तरी पेप्टाइडात अखंड सापडणारच. त्याहून लांब असेल तर खात्री नाही. ११ चा ओव्हरलॅप, म्हणजे १२ पर्यंतची हमी. ५ चा, म्हणजे फक्त ६ ची.

आणि स्पाइकची अशी लायब्ररी वापरायची ती टी-पेशी तपासायला; त्यांना ६ पुरत नाहीत. सीडी८ टी-पेशी ज्या वर्ग १ च्या एमएचसी रेणूवर (पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड धरून दाखवणाऱ्या प्रथिनावर) पेप्टाइड ओळखतात, त्याची खाच दोन्ही टोकांना बंद असते. तिच्यात साधारण ८ ते १० अमिनो आम्लं बसतात, बहुतेकदा ९. आमच्या विद्यार्थिनीच्या बेतानुसार दर वेळी १० पुढे सरकलं, तर ९ अमिनो आम्लांच्या दर दहा तुकड्यांपैकी तीन कुठल्याच पेप्टाइडात पूर्ण येत नाहीत. हा चाचणीच्या संवेदनशीलतेचा प्रश्न नाही; ते तुकडे लायब्ररीतच नाहीत, कितीही पेशी घाला.

मग चतुर वाचक म्हणेल, ९ ची हमी हवी तर ८ चा ओव्हरलॅप पुरे. वर्ग १ पुरतं बघितलं तर ९ चे तुकडे त्यात येतात, पण १० चे सगळे येत नाहीत. शिवाय सीडी४ टी-पेशींचा वर्ग २ चा रेणू वेगळा. त्याची खाच दोन्ही टोकांना उघडी. गाभा ९ चाच, पण दोन्ही बाजूंना थोडं शेपूट असलं की बंध पक्का बसतो. १२ ची हमी म्हणजे ९ चा गाभा आणि वर तीन अमिनो आम्लं.

मला ११ आवडायचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. १५ ची लांबी आणि ४ ची सरक घेतली की ९ च्या दर चार तुकड्यांपैकी तीन तुकडे शेजारच्या दोन पेप्टाइडांत येतात. शेकडो पेप्टाइडं मागवताना ती सहसा पूर्ण शुद्ध केलेली नसतात. एखाद्यात बांधणी अर्धवट राहते, एखाद्यात भलत्याच पेप्टाइडाचा अंश मिसळलेला असतो, आणि टी-पेशी इतक्या तल्लख की तेवढ्यावरही उत्तर देतात. एकटंच पेप्टाइड चमकलं तर मी ते नव्याने, शुद्ध स्वरूपात बनवून घेतल्याशिवाय वहीत पक्कं लिहीत नाही. शेजारीशेजारी दोन चमकली की जीव भांड्यात पडतो.

आता स्पाइकचा प्रत्यक्ष हिशेब. लांबी १२७३. एकापासून सुरुवात करून ४-४ सरकत गेलं की ३१५ वं पेप्टाइड १२५७ ला सुरू होतं आणि १२७१ ला संपतं. दोन अमिनो आम्लं उरतात! ती सोडून देऊ नका. शेवटचं पेप्टाइड १७ चं करा, किंवा १२५९ पासून एक जादा घ्या.

ग्लुटामिन पेप्टाइडाच्या सुरुवातीला आलं तर ते आपोआप वळून पायरोग्लुटामेट होतं. अशा ठिकाणी सरक एकने कमी करायला हरकत नाही, ओव्हरलॅप वाढला तर बिघडत काही नाही. लॉस अलामोसच्या एचआयव्ही डेटाबेसमधलं पेप्टजेन हे साधन असल्या अटी घालून यादी पाडून देतं. तरी पहिली यादी एकदा हाताने, कागदावर पाडून बघाच.

तेव्हा ११ च घ्या. पैसे वाचवायचे असतील तर ते पेप्टाइडांच्या संख्येत न वाचवता पूलमध्ये वाचवता येतात: ३१५ पेप्टाइडं १८ गुणिले १८ च्या चौकटीत मांडली की ३६ पूलमध्ये पहिली चाचणी उरकते. ती चौकट कशी भरायची, ते पुढच्या आठवड्यात.