मधमाशीचे पावसाळी बिऱ्हाड

कोल्हापूरकरांना पावसाचे वर्णन ऐकवणे म्हणजे काशीकरांना गंगा दाखवणे. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की निम्मे शहर छत्र्या घेऊन पंचगंगा पाहायला निघते आणि घरी येऊन भज्यांवर ताव मारते. पण त्याच दिवसांत भुदरगड तालुक्यातील पाटगावच्या डोंगरात, लाकडी पेट्यांतून राहणाऱ्या एका चिमुकल्या प्रजेची परीक्षा चाललेली असते.

मौनी महाराजांच्या समाधीमुळे पाटगावचे नाव आपण ऐकून असतो. अलीकडे ते ‘मधाचे गाव’ म्हणूनही गाजले. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला हा मान प्रथम, २०२२ साली मिळाला. पाटगावचा क्रम त्यानंतरचा.

पाळायची माशी सातेरी. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते, तिला पेटी मानवत नाही. सातेरी मात्र अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी बांधते; म्हणून पेटीत नांदते. स्वभावाने गरीब, पण भारी मानी! घर बिघडले तर ती भांडत बसत नाही. राणीला घेऊन सारे कुटुंब एके दिवशी उडून जाते आणि पाळणाऱ्याच्या हाती रिकामी पेटी राहते.

घर बिघडवतो तो मेणकिडा. पावसात फुलोरा नसतो, माश्यांना बाहेर पडता येत नाही, राणी अंडी कमी घालते. कुटुंब आटते, पोळी मात्र तेवढीच राहतात. त्यांतल्या ज्या पोळ्यांवर पहारा नाही, तिथे हा राखी पतंग रात्री शिरतो आणि फटीत अंडी घालतो. अळ्या पोळ्यातून बोगदे खणतात, मागे रेशमी जाळी विणत जातात. नुसत्या मेणावर त्यांचे भागत नाही. जुन्या, काळ्या पोळ्यात पिलांच्या कोषांची साले आणि पराग असतात, त्यावर त्या पोसतात. युरोपातली पाळीव माशी झाडाची राळ आणून फटी बुजवते. सातेरीला तो उद्योग फारसा ठाऊक नाही. तेव्हा फटी माणसानेच बुजवायच्या.

यावर औषध मारण्याचा मोह होतो. पण ते मेणात मुरते, मधात उतरते. खरा उपाय आपल्या गृहिणींना पटेल असा आहे: माणसे कमी झाली की खोल्या आवरायच्या. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्यावीत, मध्ये फळी सरकवून जागा आखडावी. उघडीप पाहून आठवड्याला तळपाट खरवडावा; तिथे पडलेला मेणाचा चुरा हेच किड्याचे आजोळ.

ओलाव्याचे प्रकरण जरा फसवे आहे. पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळली की आपल्याला समाधान वाटते, पण आत माश्यांच्या श्वासाची वाफ झाकणाला लागून थेंब होऊन खाली ठिबकते. पिलांना तर चौतीस-पस्तीस अंश सेल्सिअसची ऊब हवी! म्हणून वरून पत्रा किंवा गवताचे छप्पर, पण थोडी हवा खेळती. पेटी दाराकडे किंचित कललेली, म्हणजे शिरलेले पाणी वाहून जाते. आणि दार वाऱ्याच्या झोडीकडे नको. तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या अडतात. मात्र वाढलेल्या गवताचे एक पातेही पुलासारखे टेकले, तरी वाट्या फुकट! उपासमारीच्या दिवसांत साखरेचा पाक द्यावा लागतो, तो संध्याकाळी, पेटीच्या आत आणि न सांडता.

एवढे करूनही सारे हाती नसते. १९९१ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने केरळातल्या सातेरीची दाणादाण उडवली, तिथे स्वच्छ पेटीचाही इलाज चालला नाही. पण भक्कम कुटुंब पावसाळा निभावून निघाले, तर पुढच्या फुलोऱ्याला कामकरी माश्या भरपूर असतात.

मधातले पाणी साधारण एक पंचमांशावर आले की माशी कोठीवर मेणाचे झाकण घालते. त्याआधी काढलेला मध फसफसतो. आणि घरी आणलेला पिकला मधही हवेतला ओलावा ओढतो. तेव्हा बरणीचे झाकण घट्ट असावे, चमचा कोरडा.