फुकटच्या राउटरचं लाइट बिल

होस्टेलवर कुणाचा ना कुणाचा जुना पीसी धूळ खात पडलेला असतोच. दोन लॅन कार्डं घाला, लिनक्स टाका, झाला राउटर तयार! खर्च शून्य. पण मित्रांनो, मीटरकडे कोण बघतं?

२००९ साली राउटब्रिक्स नावाच्या संशोधन प्रकल्पात चार साधे सर्व्हर जोडून एक राउटर बनवला गेला. वेग सेकंदाला ३५ गिगाबिट, म्हणजे भन्नाटच. वीज मात्र २.६ किलोवॅट. ४० गिगाबिटच्या एका तयार राउटरचं रेटिंग तेव्हा होतं १.६ किलोवॅट. एक किलोवॅटचा फरक, म्हणजे दिवसाला २४ युनिट जास्त!

असं का? तयार राउटरमध्ये पॅकेट पुढे ढकलायला खास चिप असते, तिला दुसरं कामच नाही. सर्व्हरचा प्रोसेसर पडला हरकाम्या. प्रत्येक पॅकेटमागे त्याला शेकडो सूचना पाळायच्या, मेमरीत हेलपाटे घालायचे. पॅकेट लहान असो की मोठं, ही मेहनत जवळपास तेवढीच. म्हणून तर ६४ बाइटची चिमुकली पॅकेटं सोडल्यावर त्याच राउटरचा वेग १२ गिगाबिटवर आला.

खरी गंमत रात्री असते. पॅकेट आलं की कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची, ही इंटरप्टची पद्धत. पण सेकंदाला लाखो पॅकेटं आली तर हाका ऐकण्यातच त्याचा जीव जातो. म्हणून डीपीडीकेवर चालणाऱ्या राउटरमध्ये कोअर सतत स्वतःच विचारत बसतो, "आलं का? आलं का?" वेग मिळतो, पण पहाटे चार वाजता एकही पॅकेट नसताना तो कोअर १०० टक्के बिझी! लिनक्सच्या नापीने मधला मार्ग काढलाय : गर्दीत विचारत राहायचं, गर्दी ओसरली की हाकेची वाट बघायची. आपल्या विंगला हेच पुरे, डीपीडीकेचा हट्ट कशाला?

अर्थात प्रोसेसर झोपला तरी पंखे, मेमरी, पॉवर सप्लाय जागेच. धरा, जुना पीसी ८० वॅट खातो. वर्षाला झाले ७०० युनिट. १० वॅटचा छोटा डबा ८८ युनिटांत भागवतो. शिकायला पीसी-राउटर झकासच, आम्हीही त्यावरच शिकलो. पण कायमचा लावण्याआधी वॅटमीटर जोडून दोनदा आकडा लिहून घ्या. एकदा रात्री नऊला, सगळे डाउनलोडला बसलेले असताना, आणि एकदा पहाटे चारला.