चाळीस सेकंदांची मजुरी

पहाटे ५.००
यारी रोडवरच्या या घरात आम्ही तिघी राहतो. त्यामुळे पहाटे दिवा लावायचा तो स्वयंपाकघरातलाच. ओट्यावर वही उघडून पंधरा मिनिटं लिहिते. एका प्रकाशकांनी आत्मकथन मागितलंय. ‘बिनधास्त लिहा,’ म्हणाले. त्यांना कसलं बिनधास्त हवंय, ते न सांगताच कळलं. माझी वही त्या मानाने रुक्ष आहे.

वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. मजुरी मीटरवर. पाळी सुटली की किती कापड निघालं ते खिशातल्या वहीत टिपायचे. पगाराच्या दिवशी आकडा जुळला नाही की न बोलता वही पुढे करायचे. मीही तसंच लिहिते: काम कुठलं, तास किती, पैसे किती ठरले, आले कधी.

६.१०
रिक्षाने अंधेरी, तिथून लोकलने वांद्रे, मग बीकेसीपर्यंत शेअर रिक्षा. आज फॅशन वीकचा शो. सूचना नेहमीच्याच: केस धुतलेले, तेल नको, काजळ नको, नखांना रंग नको. वडिलांच्या भाषेत, कोरं कापड हवं. त्यावर छपाई ते करणार.

७.००
हजेरी. खुर्चीत बसले. मी सावळी आहे. पहिली काही वर्षं माझ्या रंगाचं फाउंडेशन पेटीत नसायचं. दोन छटा उजळ थापायचे आणि मान काळी राहायची. फोटोत चेहरा एकीचा, मान दुसरीचीच. आता माझी बाटली मीच नेते. मेकअप करणारी मुलगी आज म्हणाली, ‘ताई, बरं झालं आणलंत.’ म्हणजे पेटीत अजूनही नव्हती.

९.४०
फिटिंग. रॅकवर माझं नाव, फोटो आणि तीन कपडे. ड्रेसर मावशींनी चेन ओढली, ती बरगडीपाशी अडली. कपडा सँपल साइझचा. तो आधी शिवलेला असतो आणि अंगाने त्यात मावायचं असतं.

इथे बिनधास्त लिहायचं ते हे. सव्विसाव्या वर्षी मी दिवसाला दोन उकडलेली अंडी, काकडी आणि काळी कॉफी यांवर चार महिने काढले. पाळी बंद झाली. मला वाटलं, कटकट गेली. वर्षभराने पायऱ्या उतरताना पाय मुरगळला आणि हाड मोडलं. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली आणि विचारलं, ‘घरी खायला आहे ना?’ त्याच महिन्यात आमच्या मलाबादे चौकात दागिन्यांच्या जाहिरातीत मी भलीमोठी झळकत होते. आईकडे भिशीतल्या बायका उसने मागायला येत होत्या आणि इथे माझं भाडं दोन महिन्यांचं थकलं होतं.

माद्रिदच्या फॅशन वीकने २००६ मध्ये १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्पवर चढू दिलं नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला लागतो. माझ्याकडे गेल्या तेरा वर्षांत मोजपट्टी घेऊन पुष्कळ जण आले, दाखला एकानेही मागितला नाही.

मावशींनी शिवण दोन बोटं उसवली. झालं. एवढ्यासाठी मी चार महिने उपाशी होते.

दुपारी १२.३०
तालीम आटोपली. आता वाट बघणे. या धंद्यात वाट बघण्याचंच काम जास्त. डबा उघडला: पोळी, मेथी, दही. शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी डब्याकडे बघत होती. अर्धी पोळी दिली. आधी ‘नको’ म्हणाली, मग खाल्ली.

आईचा फोन. ‘जेवलीस का गं?’ हा प्रश्न ती आता नुसता रीत म्हणून विचारत नाही. मी या कामाला निघाले तेव्हा तिला भीती होती ती वेगळीच. १९९५ ची ती विवस्त्र फोटोची बुटांची जाहिरात तिच्या डोक्यात होती. त्यातले मॉडेल मधू सप्रे आणि मिलिंद सोमण दोघेही मराठी, आणि अश्लीलतेचा खटला चालला थेट २००९ पर्यंत. निर्दोष सुटले, पण चौदा वर्षं गेली. ‘तुला कोर्टाची पायरी चढायला लागंल,’ म्हणायची. चढायला लागली, पण फोटोसाठी नाही.

४.२०
शो. चपलांच्या तळाला टेप, कारण त्या परत जायच्या आहेत. लाइनअपमध्ये मी सहावी. तीन फेऱ्या, प्रत्येकी साधारण चाळीस सेकंद. मधल्या बदलाला दीड मिनिट. दोन मावशी, चार हात, एक टाचणी दंडाला. शेवटी शोस्टॉपर म्हणून सिनेमातली नटी. उद्या फोटो तिचाच येईल. त्याचा राग येत नाही. तिसऱ्या फेरीतलं कापड हातमागाचं होतं. चालताना बोटांनी चाचपलं. वडील असते तर वीण बघून ‘पिक’, म्हणजे आडवे धागे, किती ते सांगितलं असतं.

६.१५
सुटका. मेकअप पुसता पुसता त्या एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘दीदी, पैसे कधी येतात?’

तिला सगळं सांगितलं. शंभर ठरले तर वीस एजन्सीचे, टीडीएस वेगळा. पूर्वी एका एजन्सीने माझे सात कामांचे पैसे अडवले. विचारलं की ‘क्लायंटकडून आले नाहीत’. दीड वर्षाने वकील केला, कोर्टात गेले, तेव्हा निम्मे आले. त्यानंतर मी उद्यम नोंदणी केली. आता प्रत्येक बिलावर तो क्रमांक छापते. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. नाही केलं तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. शिवाय काम ठरतं तेव्हाच ईमेल मागायचा. फोनवरचा शब्द धरायचा नाही. मुलीने फोनमध्ये टिपून घेतलं. मी म्हटलं, ‘वही घे. फोन हरवतो.’

रात्री ९.३०
एका जाहिरातीसाठी विचारणा आली: ‘आईची भूमिका कराल?’ मुलगी अठरा वर्षांची. मी चौतीस. पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा रडले होते. आज आधी दर विचारला.

प्रकाशकांना उद्या कळवते की पुस्तक देते, पण ते हिशेबाच्या वहीसारखंच असेल. चालत असेल तर छापा.

१०.००
आजची नोंद: हजेरी सकाळी ७.०० ते संध्याकाळी ६.१५. फेऱ्या तीन, मिळून दोन मिनिटं. जेवण वेळेवर. बिल आजच पाठवलं. पैसे: येणे.