दंत पर्यटन

दंत पर्यटन म्हणजे दातांच्या उपचारांसाठी आपण राहतो त्या देशाबाहेर जाणे. वैद्यकीय पर्यटनाचा हा एक प्रकार मानला जातो. 'पर्यटन' हा शब्द येथे काहीसा फसवा आहे, कारण यातील बहुतेक प्रवासी हौसेने नव्हे, तर राहत्या देशातील दंतवैद्याचे बिल झेपत नाही म्हणून बाहेर पडतात. सीमेपलीकडच्या गावात दिवसभरासाठी जाणारे निवृत्त लोक, स्वस्त विमानाने दुसऱ्या शहरात जाऊन दात बसवून घेणारे मध्यमवर्गीय आणि शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी राहणारे, पण दातांचे काम सुट्टीत मायदेशी उरकणारे लोक असे त्यांचे ढोबळ गट पडतात.

पार्श्वभूमी

दंत पर्यटनाचे मूळ दातांना उर्वरित शरीरापासून वेगळे मानण्याच्या पद्धतीत आहे. जगातील पहिले स्वतंत्र दंतवैद्यकीय महाविद्यालय १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे स्थापन झाले. तेव्हापासून दंतवैद्यकाचे शिक्षण, पदव्या आणि व्यवसाय वैद्यकाहून निराळ्या वाटेने वाढत गेले. पुढे विसाव्या शतकात सरकारी आरोग्य विम्याच्या योजना आल्या, तेव्हा अनेक देशांनी दातांना त्यांतून वगळले किंवा अर्धेच सामावून घेतले. हृदयाची शस्त्रक्रिया विम्यात बसते आणि दाढेची कॅप बसत नाही, हा अनुभव परदेशी नव्याने राहायला गेलेल्या माणसाला बहुधा पहिल्या दाढदुखीतच येतो.

अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी 'मेडिकेअर' योजना मंजूर झाली. तिच्या कायद्यात नेहमीचे दंतोपचार स्पष्टपणे वगळलेले आहेत. गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेत मुलांचे दंतोपचार बंधनकारक आहेत. प्रौढांसाठी ते द्यावेत की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवते. खाजगी दंतविमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात वर्षाकाठी मिळणाऱ्या रकमेवर कमाल मर्यादा असते. ही मर्यादा साधारणतः १,००० ते २,००० डॉलर असते. एका दाढेचे रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप एवढ्यातच ती संपू शकते. म्हणजे नेहमीच्या विम्याच्या नेमके उलट घडते: छोटा खर्च विमा उचलतो आणि मोठा खर्च रुग्णाच्या अंगावर येतो.

कागदोपत्री हक्क असला, तरी उपचार मिळतीलच असे नाही. २००७ साली मेरीलँड राज्यात एका १२ वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दातातील संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला आणि शस्त्रक्रियांनंतरही तो दगावला. तो दात काढण्यास सुमारे ८० डॉलर लागले असते; रुग्णालयाचा खर्च मात्र सुमारे अडीच लाख डॉलर झाला. मेडिकेडचे रुग्ण घेण्यास राजी असलेला दंतवैद्य शोधणे किती अवघड होते, हे त्यानंतरच्या चर्चेत पुढे आले.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा दंतोपचार पूर्णतः मोफत होते. कवळ्यांसाठी इतकी मागणी आली की खर्चाचे अंदाज कोलमडले. १९५१ साली कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावण्याचे ठरले. या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी त्याच प्रश्नावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. शुल्क राहिले ते राहिलेच. इंग्लंडमध्ये आज त्याचे तीन टप्पे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये तपासणीसाठी २७.४० पौंड, दात भरणे, रूट कॅनाल वा दात काढणे यांसाठी ७५.३० पौंड आणि कॅप वा कवळीसाठी ३२६.७० पौंड असे दर होते. एका उपचारक्रमात दोन दाढा भरल्या तरी शुल्क एकदाच द्यावे लागते, हे अनेक नवागतांना ठाऊक नसते. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही हेच दर लागू होतात. अधिभार भरला म्हणून दंतोपचार मोफत होत नाहीत. तेथील खरी अडचण दराची नसून जागेची आहे. अनेक दवाखाने या सेवेखाली नवे प्रौढ रुग्ण घेतच नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात असा एक दवाखाना सुरू झाला, तेव्हा नावनोंदणीसाठी रस्त्यावर लांबच लांब रांग लागली आणि पोलिसांना तेथे यावे लागले.

कॅनडात सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णालयात कराव्या लागणाऱ्या दंतशस्त्रक्रियाच येतात. खाजगी दंतविमा नसलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न ९०,००० कॅनेडियन डॉलरपेक्षा कमी असलेल्या रहिवाशांसाठी तेथे डिसेंबर २०२३ पासून संघीय दंतसेवा योजनेची नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या 'मेडिकेअर'मध्येही प्रौढांचे बहुतेक दंतोपचार बसत नाहीत.

जर्मनी आणि जपान येथील चित्र वेगळे आहे. जर्मनीत सार्वजनिक विमा असलेल्या व्यक्तीची तपासणी, साधे दात भरणे व दात काढणे विम्यातून होते. कॅप, ब्रिज वा कवळीसाठी ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्के अनुदान मिळते. सलग पाच वर्षे नियमित तपासणी केल्याची नोंद पुस्तिकेत असेल तर ते ७० टक्के, आणि दहा वर्षांची असेल तर ७५ टक्के होते. ही पुस्तिका पहिल्याच वर्षी मागून घेण्याची सूचना तेथे गेलेले जुने विद्यार्थी नव्यांना आवर्जून करतात, आणि ती योग्यच आहे. मोठे काम सुरू करण्यापूर्वी दंतवैद्य खर्चाचा लेखी आराखडा करून विमा संस्थेची मंजुरी घेतो. जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला राष्ट्रीय आरोग्य विम्यात किंवा नोकरीच्या ठिकाणच्या विम्यात सहभागी व्हावे लागते. मूलभूत दंतोपचारांचा साधारण ३० टक्के खर्च रुग्ण देतो. इम्प्लांट मात्र सहसा विम्यात बसत नाही.

सीमेवरील गावे

मेक्सिकोतील लॉस अल्गोडोनेस हे या व्यवहाराचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील युमा शहराजवळ, सीमेला अगदी खेटून असलेल्या या लहानशा गावात शेकडो दंतवैद्य व्यवसाय करतात. त्यामुळे त्याला 'मोलर सिटी', म्हणजे दाढांचे शहर, असे टोपणनाव पडले आहे. अमेरिकेच्या बाजूला क्वेचान या आदिवासी जमातीच्या जमिनीवर वाहनतळ आहे. लोक तेथे गाडी ठेवतात, चालत सीमा ओलांडतात आणि संध्याकाळपर्यंत परततात. उत्तरेकडील थंडी टाळण्यासाठी हिवाळ्यात ॲरिझोनात येऊन राहणारे अमेरिकी आणि कॅनेडियन वृद्ध हे येथील मुख्य गिऱ्हाईक. दंतवैद्यांच्या शेजारी चष्म्यांची व औषधांची दुकानेही आहेत, कारण या वस्तूंची तऱ्हाही दातांसारखीच आहे.

युरोपात हीच भूमिका हंगेरीने बजावली. १९८९ नंतर सीमा खुल्या झाल्या आणि ऑस्ट्रियातील रुग्ण शोप्रोन व मोशोनमॉज्यारोवार या सीमेलगतच्या शहरांत येऊ लागले. २००४ साली हंगेरी युरोपीय संघात आला; स्वस्त विमानसेवा वाढल्या आणि ब्रिटन-आयर्लंडमधील रुग्णांसाठी बुडापेस्ट हे केंद्र बनले. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार संघातील एका देशाचा विमाधारक दुसऱ्या सदस्य देशात उपचार घेऊन आपल्या देशातील विम्याकडून परतावा मागू शकतो. तो मायदेशातील दरापुरताच मिळतो आणि आधी पैसे रुग्णालाच भरावे लागतात. अलीकडे तुर्कस्तान, थायलंड आणि कोस्टा रिका येथेही मोठ्या संख्येने रुग्ण जातात.

भारत आणि परदेशस्थ भारतीय

भारतात तीनशेहून अधिक दंतवैद्यकीय महाविद्यालये आहेत. शहरांतील दंतवैद्यांची संख्या, प्रयोगशाळेतील मजुरीचा दर आणि जागेचा खर्च यांमुळे येथील उपचार पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच स्वस्त पडतात. गोव्यात समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्यातील अनेक दवाखान्यांकडे सुट्टीवर आलेले परदेशी पर्यटक येतात. तथापि भारतातील दंत पर्यटनाचा खरा कणा म्हणजे घरी आलेले परदेशस्थ भारतीय. मुंबई-पुण्याकडील दवाखान्यांत डिसेंबरच्या सुट्ट्यांत अशा रुग्णांची वर्दळ असते.

केवळ एका दाढेसाठी विमानभाडे खर्चणे क्वचितच परवडते. प्रवास लग्नकार्यासाठी किंवा आईवडिलांना भेटण्यासाठी आधीच ठरलेला असतो आणि दाताचे काम त्याला जोडले जाते. म्हणून हिशेब वेगळा होतो, पण त्याचबरोबर उपचार पुढे ढकलण्याची सवयही लागते. एप्रिलमध्ये लागलेली छोटी कीड 'डिसेंबरात पाहू' म्हणून राहते आणि डिसेंबरपर्यंत ती दातातील नसेपर्यंत पोहोचलेली असते. भरून भागले असते तेथे रूट कॅनाल करावे लागते. बचतीचा मोठा भाग अशा रीतीने वाया जातो.

उलट दिशेचा प्रवासही या विषयात येतो. मुलाकडे वा मुलीकडे सहा महिने राहण्यासाठी अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांचा प्रवासी विमा दंतोपचारांच्या बाबतीत फार तोकडा असतो. अचानक उद्भवलेल्या दुखण्यावर तात्पुरता आराम आणि अपघाताने तुटलेला दात, एवढ्यापुरतीच भरपाई बहुतेक पॉलिसींत असते. आधीपासून किडलेली दाढ त्यात बसत नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने आधी दातांची तपासणी करून घेण्यामागे हेच कारण आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यातील तपासणीचा फारसा उपयोग नसतो, कारण काही आढळले तर ते पुरे करायला वेळ उरत नाही.

उपचारांचा काळ

दंत पर्यटनातील बहुतेक अडचणी पैशाच्या नसून वेळेच्या असतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियम जिवंत हाडाशी एकजीव होते, या निरीक्षणावरून स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. हाड आणि धातू यांची ही जुळणी होण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि कॅप सहसा त्यानंतर बसवली जाते. तीन आठवड्यांच्या सुट्टीत ती प्रक्रिया सक्तीने पुरी करता येत नाही. त्यामुळे इम्प्लांटसाठी बहुधा दोन फेऱ्या धराव्या लागतात. काही निवडक रुग्णांत लगेच तात्पुरता दात बसवता येतो, मात्र जाहिरातींतून तो सरसकट नियम असल्यासारखा मांडला जातो.

रूट कॅनाल एक ते तीन बैठकींत होते. कॅपसाठी माप घेऊन प्रयोगशाळेतून ती येईपर्यंत काही दिवस ते दोन आठवडे जातात. शिवाय कॅप बसल्यावर चावताना उंच लागते का, हे कळायला दोन-चार जेवणे व्हावी लागतात. म्हणून सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जाणारे आणि शेवटच्या आठवड्यात जाणारे यांच्या अनुभवांत मोठा फरक पडतो. भरलेल्या दाताखाली किंवा मुळाशी संसर्ग राहिला असेल, तर विमानात हवेचा दाब बदलल्याने कळा येऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांमध्ये हा प्रकार ठळकपणे नोंदला गेला.

धोके आणि दाद

ब्रिटनमध्ये 'टर्की टीथ' या नावाने गाजलेला प्रकार उल्लेखनीय आहे. दात पांढरेशुभ्र व एकसारखे दिसावेत म्हणून तरुण रुग्ण तुर्कस्तानात जातात. आपल्याला दातांवर पातळ कवच, म्हणजे व्हिनिअर, बसवायचे आहे अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात काही ठिकाणी निरोगी दात चहूबाजूंनी खुंटीएवढे घासून त्यांवर पूर्ण कॅप बसवल्या जातात. घासलेले दातावरचे आवरण पुन्हा तयार होत नाही. दातातील नस दगावू शकते आणि कॅप आयुष्यभर पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात. ब्रिटिश दंतवैद्यक संघटनेने याबाबत वेळोवेळी इशारा दिला आहे. सौंदर्यासाठी केलेल्या आणि दुखण्यासाठी केलेल्या उपचारांत येथे भेद करणे आवश्यक आहे; पहिल्यात नकार देण्याची मुभा रुग्णाला पूर्ण असते, दुसऱ्यात क्वचितच.

बिघाड झाल्यास राहत्या देशातील दंतवैद्य दुसऱ्याचे काम दुरुस्त करण्यास नाखूश असतात, विशेषतः इम्प्लांट कोणत्या कंपनीचे व मापाचे आहे हे ठाऊक नसेल तर. एक्स-रे, इम्प्लांटची कंपनी, मॉडेल व मापाची नोंद, कॅपचा पदार्थ आणि केलेल्या कामाचा तपशील लेखी मिळवणे म्हणूनच पावतीइतके महत्त्वाचे ठरते. भारतात १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. त्यामुळे ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र दुसऱ्या खंडात राहून ती चालवणे सोपे नाही.

राहत्या देशातील स्वस्त पर्याय

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला प्रवास शक्य नसतो, आणि सुजलेला गाल सुट्टीची वाट पाहत नाही. अनेक देशांत दंतवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने सर्वांसाठी खुले असतात. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. दर खाजगी दवाखान्यापेक्षा लक्षणीय कमी असतो, पण एका कामाला तास-दोन तास अधिक जातात, कारण प्रत्येक टप्पा अध्यापक तपासतात. अमेरिकेत संघीय अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे १९६५ पासून आहेत. ती उत्पन्नानुसार शुल्क ठरवतात आणि पैसे नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवत नाहीत. त्यांपैकी अनेकांत दंतविभाग असतो. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील व्यक्ती, पूर्णवेळ शिक्षण घेणारे १९ वर्षांखालील विद्यार्थी, गर्भवती आणि प्रसूतीनंतर १२ महिन्यांपर्यंतच्या स्त्रिया यांना शुल्क माफ आहे. तातडीच्या दुखण्यासाठी तेथे १११ हा क्रमांक आहे. चेहऱ्यावर वाढती सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास अशी लक्षणे असल्यास मात्र दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे लागते.